टक्के-टोणपे

अर्थसंकल्पावरची चर्चा ऐकताना मी आकडे ऐकत नाही, आकडा कशात मोजलाय तेवढं ऐकतो. कर्जाबद्दल रुपयांत बोलतो तो विरोधक आणि टक्क्यांत बोलतो तो सत्ताधारी, एवढी खूणगाठ बांधून ठेवली की वक्त्याचा पक्ष कुठला हे विचारावं लागत नाही. गेल्या वर्षी तो कुठल्या पक्षात होता हेही नाही.

10 मार्च 2025 ला अजित पवारांनी विधानसभेत राज्याचा 7 लाख 20 कोटींचा अर्थसंकल्प मांडला. वर्षअखेरीस राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार 242 कोटींवर जाईल, असा त्यात अंदाज होता. विरोधी बाकावरून हा आकडा असाच उच्चारायचा असतो, सावकाश, लाखावर जरा थांबून. सत्ताधारी बाकावर गेला की तोच आकडा अंग चोरून बसतो आणि राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या 18.87 टक्के होतो. मर्यादा 25 टक्क्यांची, म्हणजे अजून ऐसपैस जागा आहे. दोघंही शंभर नंबरी खरं बोलतात, म्हणून तर भांडण मिटत नाही. खर्चाची पाळी आली की मात्र मापं बदलतात. सरकार म्हणतं, अमुक खात्याला इतके हजार कोटी. विरोधक म्हणतात, अहो, पण एकूण खर्चाच्या किती टक्के?

तिसरं माप आमच्या कट्ट्याचं, दरडोई. कट्ट्यावरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी कर्जाला 2011 च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटींनी भागलं (नवी डोकी अजून मोजायची आहेत) आणि जाहीर केलं, "प्रत्येकाच्या डोक्यावर त्र्याऐंशी हजार!" शेजारच्या काकांनी टकलावरून हात फिरवला आणि विचारलं, "हप्ता कितीचा बसेल?"

पूर्वी हे एवढं अवघड नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'स्वस्त' आणि 'महाग' अशा दोन रांगा असायच्या. साबण इकडे, सिगारेट तिकडे, की झालं अर्थशास्त्र. 2017 साली जीएसटी आला आणि बहुतेक वस्तूंचे कर परिषदेत ठरू लागले. रांगा ओस पडल्या आणि आम्हा सामान्य जनांना एकदम राजकोषीय तुटीच्या खोल पाण्यात उतरावं लागलं. पोहण्याची सवय नसताना.

विधिमंडळात मात्र जुने रीतिरिवाज शाबूत आहेत. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री चहापान ठेवतात आणि विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात. सरकारं बदलली, चहा ठेवणारे बदलले, नाकारणारे बदलले, बहिष्कार टिकून आहे. सरकारी खर्च वाचवण्याचा सर्वपक्षीय परंपरा लाभलेला असा दुसरा उपाय मला तरी आठवत नाही. बाकी कॅगचा अहवाल बरेचदा अधिवेशनाच्या अगदी शेवटी सभागृहात येतो, म्हणजे आमदारांना तो मतदारसंघात जाऊन निवांत वाचता यावा.

अशा वेळी मला गोपाळ कृष्ण गोखले आठवतात. 26 मार्च 1902, कलकत्ता, व्हॉइसरॉयचं कायदेमंडळ. समोर स्वतः लॉर्ड कर्झन, आणि अर्थखात्याचे एडवर्ड लॉ तिजोरीतली भलीमोठी शिल्लक सांगून बसलेले. तूट नाही, शिल्लक! अभिनंदनाची भाषणं सुरू होती. पस्तिशीतला हा माजी गणित-शिक्षक उठला आणि म्हणाला, मला या अभिनंदनात सामील होता येत नाही. त्याचं म्हणणं असं, की रुपया घसरत होता तेव्हा तुम्ही कर वाढवलेत. रुपया सावरला, तरी कर तिथेच ठेवलेत. इकडे दुष्काळ आणि प्लेग. म्हणजे ही शिल्लक तुमच्या काटकसरीची नव्हे, रयतेच्या उपासमारीची आहे. एरवी शिल्लक दाखवणाऱ्या खजिनदाराशी कोण भांडतं? सोसायटीच्या सभेत तर त्याला शाल मिळते.

गोखल्यांनी ती शिल्लक मोजली मिठात. 1888 पासून मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता आणि तो लखपतीच्या आमटीवर जेवढा पडे तेवढाच भिकाऱ्याच्या भाकरीवर. गंमत म्हणजे त्या कायदेमंडळात सदस्यांना अर्थसंकल्पावर नुसतं बोलता येई, मत देता येत नसे. बहिष्कार टाकण्याजोगा चहा होता की नाही, कोण जाणे. तरी 1903 साली मिठावरचा कर दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली. सारं एका भाषणामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण कर्झनसाहेबांच्या कानावर पडलं होतं एवढं खरं. या भाषणांमागचे हिशेब तपासून देणाऱ्यांत सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी होते. शाळेतले मास्तर. गोखले त्यांना पत्रं लिहून टिपणं मागवत. पार्श्वभूमीला वाजणारं संगीत आणि टीव्हीवरच्या सहा चौकटींतले सहा तज्ज्ञ यांच्यावाचून हे सगळं झालं, हे विशेष.

आजचं मीठ म्हणजे लाडकी बहीण योजना. जून 2024 च्या अर्थसंकल्पात महिना दीड हजार रुपये आणि वर्षाला 46 हजार कोटी जाहीर झाले. निवडणुकीत महायुतीने एकवीसशे कबूल केले. तिजोरीत खडखडाट झाला म्हणणाऱ्या महाविकास आघाडीने तीन हजार. निकाल लागला आणि पुढच्या मार्चमध्ये तरतूद 36 हजार कोटींची झाली. एकवीसशेचा उल्लेख भाषणात कुणाला सापडला नाही. त्यानंतर जूनअखेरीस 57 हजार 509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. वर्षाचा हिशेब मार्चमध्ये मांडून जूनमध्ये पुन्हा हात पसरणं आमच्या घरातही चालतं, पण आम्ही त्याची छापील पुस्तिका काढत नाही.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं माप आणखी वेगळं आहे. बँकेचा मेसेज आला की त्या पदराला हात पुसतात आणि फोन माझ्यापुढे धरतात. मी "पंधराशे जमा" असं वाचलं की त्या मनातल्या मनात वाटे घालतात. गॅसची टाकी, धाकट्याची क्लासची फी, उरलं तर भिशी. या पैशाने राज्य बुडेल की बाजारात मागणी वाढेल, यावर मी त्यांना दोन्ही बाजू ऐकवल्या. त्यांनी कढई पालथी घातली आणि म्हणाल्या, "ते असू द्या. काका, तुमच्याकडे दोन वर्षं पगार वाढला नाही. पाचशे वाढवा."

"मावशी, दोन हजारांवर पाचशे म्हणजे पंचवीस टक्के होतात!"

"टक्के नकोत मला. पाचशेच द्या."

मी आणखी बोलणार होतो, पण तोवर आतून आवाज आला, "एक तारखेपासून देते हो मावशी," आणि मागणी चर्चेविना मंजूर झाली.