उलटे आटे

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, तेव्हाची सायकल परवा माळ्यावरून उतरवली. पायडल फिरेना. पायडलचा आस धरणारा, चेनच्या बाजूचा बीबी (बॉटम ब्रॅकेट) कप फ्रेमला असा चिकटून बसला होता, जणू सोसायटीचा तहहयात अध्यक्ष. तेल पाजलं, रात्रभर मुरू दिलं, पान्याला पाइप लावून लोंबकळलो. हलेल तर शपथ! कोपऱ्यावरचे सायकलवाले काका बघून हसले. "साहेब, इकडचे आटे उलटे. दोन दिवस तुम्ही तो आवळताय."

ब्रिटिश पद्धतीच्या फ्रेममध्ये उजवा कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सुटतो. (माझी पदवी मेकॅनिकलची आहे, हे काकांना सांगितलं नाही.) फ्रेम इटालियन असती, तर मीच बरोबर ठरलो असतो; पण त्यांचा उजवा कप पायडल मारता मारता आपणहून ढिला व्हायला बघतो. आमच्या अध्यक्षांत तेवढा इटालियन गुण नाही.