हिंजवडीचा रस्ता गुळगुळीत करणाऱ्या संकलकास

महाशय,

हिंजवडीच्या शिवाजी चौकापासून माण गावापर्यंतच्या रस्त्याचा तुमचा जाहिरातपट पाहिला. गाडीत लावलेला कॅमेरा, दुतर्फा आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, शेवटी गृहप्रकल्पाचं प्रवेशद्वार. मधे एकही हादरा नाही. त्याच रस्त्याने मी पावसाळाभर स्कूटर चालवते, म्हणून विचारते: हे काम केव्हा झालं? ना यंत्रणा आली, ना ठेकेदार, ना रोलर. तुम्ही एकट्याने, खुर्चीवर बसून, अख्खा रस्ता सपाट केलात!

कसा केलात तेही मला ठाऊक आहे. व्हिडिओ संकलन हे माझंही पोटापाण्याचं काम. सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीतले (फ्रेममधले) ठळक बिंदू हेरतं. मेट्रोच्या खांबाची कड, फलकाचा कोपरा, दिव्याचं टोक. पुढच्या चौकटीत ते किती सरकले, यावरून कॅमेरा कसा हलला ते काढतं. मग तो वेडावाकडा मार्ग टाकून देतं, त्याच्या जागी संथ मार्ग आखतं आणि एकेक चौकट त्यावर बसवतं. मॅथियस ग्रुंडमन, विवेक क्वात्रा आणि इरफान एसा यांनी २०११ मध्ये याची फार देखणी रीत मांडली आणि ती यूट्यूबवर आली. त्याच वर्षी अॅडोबीच्या आफ्टर इफेक्ट्समध्ये वॉर्प स्टेबिलायझर आला. हौशी माणसाच्या थरथरत्या हाताने टिपलेली वरात, बाळाचं पहिलं पाऊल नीट पाहता यावं म्हणून ही विद्या घडली. तिथे थरथर हाताची होती. इथे ती रस्त्याची आहे, आणि गिऱ्हाइकाला नेमकं तेच कळायला हवं होतं.

चौकटी हलवल्या की कडा उघड्या पडतात, म्हणून चित्र मोठं करून कडा कापाव्या लागतात. तुम्ही खालची बाजू गरजेपेक्षा जास्त कापलीत. चाकापुढचं डबकं तिथेच होतं ना? गाडीचा खडखडाट काढून वर बासरी घातलीत, तीही चुकून नव्हे.

पण एक खूण तुम्हाला पुसता आली नाही. खड्ड्यात आदळताना शटर उघडं असतं, त्या क्षणी चित्र धूसर होतं. चौकट जागेवर आणता येते. तो धूसरपणा मात्र राहतो. घर घेणाऱ्यांनो, असा व्हिडिओ थांबवत थांबवत पाहा. कॅमेरा स्थिर दिसतोय आणि इमारती मधेच क्षणभर पुसट होतायत, तिथे बहुधा खड्डा आहे. खांब रबरासारखे लवताना दिसले तरी संशय घ्या.

मला राग येतो तो यासाठी की हीच थरथर उपयोगाची आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००८ मध्ये बोस्टनच्या टॅक्सींमध्ये हादरे मोजणारे संवेदक आणि जीपीएस बसवून खड्ड्यांचे नकाशे काढले होते. तसे संवेदक आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहेत. कॅमेऱ्यातल्या जायरोची, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या संवेदकाची, नोंद वापरून चित्र स्थिर करणारं जायरोफ्लो हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. म्हणजे कुठे, किती हादरा बसला याचा पुरावा तुमच्या हातात असतो आणि तुम्ही तो फेकून देता.

लातूर-नांदेडहून इथे नोकरीला आलेली मुलं असे व्हिडिओ गावी आईवडिलांना पाठवतात. त्यावर विसंबून वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतलं जातं. मग त्याच रस्त्याने पाठीला पट्टा बांधून कामावर जायचं ते त्यांनी. तुमचं बिल तोवर चुकतं झालेलं असतं.

इमारतीच्या आतलं चित्रण हवं तेवढं स्थिर करा, माझी हरकत नाही. रस्त्याचं चित्रण मात्र न कापता, मूळ वेगात, मूळ आवाजासह दाखवा, आणि कोणत्या महिन्यात टिपलं ते पडद्यावर लिहा. बिल्डर नको म्हणाला तर ते काम नाकारा. मी नाकारलं आहे.

तुमच्याच व्यवसायातली,
हिंजवडीची एक रहिवासी