आठवा चिरंजीव

नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीच्या शेजाऱ्यांना प्रयोगशाळेची गरज नसते. रात्री खिडकीतून वास आला, की वारा कुठल्या प्लॉटवरून सुटलाय हे आम्ही अंथरुणातूनच सांगतो. पण आता नाकाचीही नोकरी गेली. पीएफएएस नावाच्या रसायनांना ना वास, ना रंग, ना चव. न चिकटणाऱ्या तव्यापासून आग विझवणाऱ्या फेसापर्यंत त्यांचा संचार. कार्बन आणि फ्लोरिनची गाठ इतकी पक्की, की निसर्गालाही ती सहजी सुटत नाही. पाणी उकळा, तुरटी फिरवा, क्लोरीन टाका, हे चिरंजीव ढिम्म!

आपल्याकडे मात्र यावर रामबाण उपाय आहे: मोजायचेच नाही. पेयजलाच्या आयएस 10500 या 2012 च्या मानकात शिसे आहे, आर्सेनिक आहे, कीटकनाशकेही आहेत. पीएफएएस नाही. मर्यादाच नाही म्हटल्यावर ती ओलांडणार कोण? पाणी पिण्यास योग्य, पुढची फाईल आणा.

अमेरिकेने 2024 मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या पीएफएएस कुळातल्या दोन रसायनांना लिटरमागे प्रत्येकी 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. नवी मुंबईला पाणी पाजणारे मोरबे धरण काठोकाठ भरले, की त्यात सुमारे 190 दशलक्ष घनमीटर पाणी असते. हिशेब केला, तर एवढ्या पाण्यात पाऊण किलो पीएफओए विरघळले, की मर्यादा गाठली! अर्थात 2025 मध्ये अमेरिकेनेही पालनाची मुदत 2031 पर्यंत लांबवण्याचे जाहीर केले. मुदतवाढीच्या शास्त्रात तेही आता आपल्या पंगतीला बसले.

इटलीत त्रिसिनोच्या मितेनी कारखान्यामुळे व्हेनेतो प्रांतात सुमारे साडेतीन लाख लोकांचे पाणी या रसायनांनी बाधित झाले. कारखान्याचे 2018 मध्ये दिवाळे वाजले, जून 2025 मध्ये 11 जणांना न्यायालयाने शिक्षा ठोठावली. माणसे तुरुंगाच्या वाटेला, यंत्रे कोकणच्या वाटेला! लक्ष्मी ऑरगॅनिकच्या उपकंपनीने ती विकत घेतली आणि खेड तालुक्यातल्या लोटे-परशुरामला आणली. सात चिरंजीवांपैकी एकाच्या दारात आठवा येऊन उतरला. पाहुणचारात कोकण कधी कमी पडले आहे?

पावण्याचे सांडपाणी मोरब्यात नव्हे, खाडीकडे जाते, म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. खाडीतली चिंबोरी आपल्याच ताटात येते. घरचा आरओ ही रसायने बऱ्याच अंशी अडवतो खरा, पण अडवलेले पाणी मोरीतून पुन्हा गटारात. म्हणजे चिरंजीवाची फक्त बदली होते, निवृत्ती नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. मानक ब्यूरोने पीएफएएसची मर्यादा ठरवावी. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोरबे व बारवी धरणांचे पाणी आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी तपासून आकडे जाहीर करावेत. पाणी स्वच्छ निघाले, तर पहिला हार आम्ही घालू. पण न तपासताच दिलेले प्रमाणपत्र पिऊन तहान भागत नाही.