भोकाचा दगड

धारूरच्या आठवडी बाजारात दगड दोन ठिकाणी मिळतात, जमिनीवर आणि लाल फडक्यावर. जमिनीवर पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि आता क्वचितच दिसणारं जातं. हा दगड उचलायला घरातला तरणा पोरगा लागतो आणि पारखायला घरातली सगळ्यांत म्हातारी बाई. लाल फडक्यावर अंगठीचे खडे. तो दगड चिमटीत मावतो, पण घेणाऱ्याच्या मागे एक तर शनी लागलेला असतो, नाही तर कोर्टाची तारीख.

हिवाळ्यात दोघांचाही धंदा बरा चालतो, कारण कापसाचे पैसे नुकते हातात आलेले असतात. खडेवाल्याकडे बोलणं फार. मंगळाला पोवळं, बुधाला पाचू, गुरूला पुष्कराज, शनीला नीलम. वजन ग्रॅममध्ये सांगितलं की गिऱ्हाईक नाराज होतं, त्याला सव्वापाच रत्तीच हवं. यातलं पोवळं तर दगडच नाही. समुद्रातल्या बारक्या जिवांनी बांधलेलं ते घर आहे. आयुष्यात समुद्र न पाहिलेला आमच्याकडचा माणूस ते घर बोटात घालून मंगळाची समजूत काढतो. मंगळ ऐकतो की नाही ठाऊक नाही, पण माणूस काही दिवस भांडणं कमी करतो, म्हणजे गुण येतोच म्हणायचा.

खरी परीक्षा चालते ती पाट्यापाशी. म्हातारी आधी दगडावरून तळवा फिरवते, मग बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकते आणि शेवटी पाटा उन्हाकडे तिरपा धरायला लावते.

"मामा, ह्यात बारीक भोकं हायेत की. चटणीत कच येईल."

"मावशी, नातसुनेलाबी सरायचा न्हाय ह्यो दगड."

"नातसून मिक्सर घेऊन येणार हाय. माझं बघा."

भोकाचा दगड बाजूला पडतो. टाकी कितीही छान लावलेली असो, भोक निघालं की भाव बसला. आमच्या भागात हा निकाल फार जुना आहे. धारूरचा किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाहीच्या किश्वर खानानं उभा केला आणि 1631 मध्ये मोगलांनी घेतला. त्याच्या तटातले चिरेही घट्ट काळ्या पाषाणाचेच दिसतात. सुलतान, मोगल आणि आमची मावशी, दगडाच्या बाबतीत तिघांचं एकमत आहे.

अमेरिकेत मात्र याच भोकासाठी बाजार भरतो. अ‍ॅरिझोना राज्याच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं लहानसं गाव आहे. उन्हाळ्यात तिथं पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि गावात चिटपाखरू दिसत नाही. थंडी पडली की हजारो फिरती घरं येऊन उभी राहतात, त्यांतून पेन्शनीत निघालेली माणसं उतरतात आणि दगड विकत घेतात. 1967 पासून दर हिवाळ्यात हे चाललं आहे. त्या गावात पाहण्यासारखी आणखी एक जागा म्हणजे हाजी अली याची कबर. अमेरिकी लष्करानं 1850च्या दशकात वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर हा उंटवाला आला आणि 1902 मध्ये तिथंच वारला. अमेरिकनांना त्याचं नाव नीट घेता येईना, म्हणून ते त्याला 'हाय जॉली' म्हणू लागले. कबरीवर दगडांचा पिरॅमिड आहे आणि पिरॅमिडच्या टोकावर धातूचा उंट.

त्याच राज्यात टूसॉन शहर आहे. तिथलं दगडांचं प्रदर्शन 1955 मध्ये एका प्राथमिक शाळेत सुरू झालं. आता जानेवारीच्या अखेरीपासून सगळं शहरच बाजार होतं, आणि व्यापारी हॉटेलच्या खोल्या घेऊन तिथंच दगड मांडतात. आणि त्या दगडांत आपल्या महाराष्ट्रातले असतात. पुण्या-नाशकाकडचे, नगर-जळगावकडचे. त्यांच्यापैकी एकाचाही पाटा होणार नाही, असे सगळे.

हिवाळ्यात क्वार्ट्झसाइट भरतं आणि आमचा तालुका रिकामा होतो. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, पोरंबाळं आणि शेळी घालून कारखान्यांकडे निघतात. फिरती घरं आमच्याकडेही आहेत, पण ती पाचटाची आहेत आणि त्यांत पेन्शनवाला कुणी नसतो. दोन्ही गोष्टी एका वाक्यात बसवू नयेत हे कळतं, पण त्या बसतात खऱ्या.

तर भोक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या पठारावर लाव्हा पसरत गेला, थरावर थर. थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले आणि दगडाला जाळी पडली, धिरड्याला पडते तशी. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं आणि आतल्या भिंतींवर सावकाश स्फटिक वाढत गेले. कुणी बघणारं नसताना आणि काही उपयोग नसताना. म्हणून कुठं गुलाबी झाक असलेला स्टिल्बाइट सापडतो, कुठं पारदर्शक अपोफिलाइट, कुठं स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया. ओकेनाइटचे तर पांढरे केसाळ गोळे असतात, आणि त्यांना हात लावला की केस बसतात ते कायमचे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हान्साइट नावाचं निळंशार खनिज मिळालं, तेव्हापासून जगभरचे शौकीन वाघोलीचं नाव घेतात. आपण वाघोलीचं नाव घेतो ते वाहतूक तुंबली की.

हे सगळं नवं नाही. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला, तेव्हा निघालेले स्फटिक साहेबांनी जपून नेले आणि ते विलायतेतल्या संग्रहालयांत जाऊन बसले. दगड फोडणाऱ्यांना मजुरी मिळाली. आजही हा माल मुख्यतः खडीच्या खाणींत आणि विहिरी खोदताना सापडतो. कुणाच्या लक्षात आला तर तो वाचतो, नाही तर क्रशरमध्ये जाऊन रस्ता होतो. त्या रस्त्यावरून आपण अजिंठ्याला जातो आणि तिथं तसलाच दगड विकत घेतो.

अजिंठ्याच्या पायथ्याचा बाजार हा आमच्याकडचा क्वार्ट्झसाइट. हंगामही तोच, हिवाळा. परदेशी पाहुणे, विशेषतः बौद्ध देशांतले, त्याच दिवसांत येतात. बसमधून उतरलं की एक पोरगा हळूच जवळ येतो आणि एक बारका स्फटिक तुमच्या हातात ठेवतो. "गिफ्ट साहेब, पैशे नको." परतताना तो बरोबर दारात उभा असतो, कारण गिफ्टला दुकान असतं. ही पोरं जपानी गिऱ्हाइकाशी जपानीत बोलतात, फिरंग्याशी इंग्रजीत, आणि आमच्यासारख्यांशी बोलतच नाहीत. पायांतल्या चपला बघून त्यांना कळतं की हा मराठी माणूस भाव विचारील, हातात घेईल, उन्हात फिरवील, वजन करील आणि शेवटी विचारील, "पण याचा उपयोग काय?"

मी एकदा एका दुकानदाराला मुद्दाम तेच विचारलं. तो म्हणाला, "काका, फोडलं की चमकतंय. अजून काय करावं दगडानं?"

हे उत्तर मला पटलं आणि मी एक घेतला. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी तो देव्हाऱ्यात ठेवायचा की वजन म्हणून वह्यांवर, एवढंच विचारलं. तिसरी जागा आमच्या घरात नाही. बहुतेक घरांत नसते. दगडाला शेंदूर लागला तर तो देव, टाकी लागली तर पाटा, आणि काहीच लागलं नाही तर बांध. नुसतं बघण्याचा दगड कुठं ठेवायचा?

त्याचं उत्तर सिन्नरला मिळतं. तिथं औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचं खनिज संग्रहालय आहे. नौदलात नोकरी केलेल्या के. सी. पांडे यांनी ते 2001 मध्ये उघडलं. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या त्याच्या जवळून जातात. जाणाऱ्यांनी तासभर थांबावं. पोरांना तर न्यावंच, कारण त्यांच्यातली काही अजून अंधारात गोधडीखाली दोन गारगोट्या घासून उजेड पाडणारी असतात आणि घासल्यावर येणारा जळका वास त्यांना ठाऊक असतो. त्या वयात उपयोग विचारायचं सुचत नाही.

पण सिन्नर लांब आहे आणि दगड जवळ आहे. सगळा बालाघाट याच काळ्या थरांचा. येत्या उन्हाळ्यात धारूरच्या आसपास पुन्हा विहिरी खोदल्या जातील. बार उडेल, मालक वाकून पाणी लागलं का ते बघेल, आणि काठावर दगडांचा ढीग पडेल. त्यात भोकाचे दगडही असतील. तालुक्यातल्या शाळांना एक विनंती आहे. पोरांना त्या ढिगाकडे धाडा, मात्र सुरुंगाचं काम पुरतं संपल्यावर आणि गुरुजींनी सोबत राहून. जे चमकेल ते आणा, धुवा आणि एका कपाटात मांडा. प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी हवी: गाव कोणतं, रान कुणाचं, किती परसांवर सापडला. कपाटाला काच मात्र नक्की लावा, हात लावल्याशिवाय बघायची आपल्याला सवय नाही.