हत्तिणीची आर.सी.

चाकणच्या कुठल्याही कारखान्यात एक ब्रॅकेट सदोष निघू द्या. दुपारच्या चहाआधी क्वालिटीवाला सांगतो, माल कुठल्या व्हेंडरचा, कुठल्या बॅचचा, कुठल्या शिफ्टचा. भोसरीच्या गाळ्यात कापलेल्या बोल्टालाही कूळ असतं. चार टनांच्या हत्तीला मात्र आपण ते कधी विचारलं नाही.

2025च्या जुलैत कोल्हापूरकडच्या नांदणी मठाची माधुरी हत्तीण जामनगरच्या वनतारा या प्राणिकेंद्रात गेली, तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्या कोल्हापूर-सांगलीकरांच्या व्हॉट्सॲपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मोर्चे निघाले, वनतारा अंबानींचं म्हणून जिओची सिमकार्डं पोर्ट झाली, ‘आमची माधुरी’ म्हणून डोळे पुसले गेले. रडणं खोटं नव्हतं. पण आमची म्हणजे कुणाची? तिची आई कोण, बाप कोण, बहिणी कुठल्या जंगलात? 1992 साली ती लहानपणीच कर्नाटकातून आली, यापलीकडे बोलायला कुणाकडे काही नव्हतं. त्याच वर्षी दिल्लीत ‘प्रोजेक्ट एलिफंट’ सुरू झाला होता, हा योगायोग. पुढची तेहतीस वर्षं ती मिरवणुकीत राहिली, कळपात नाही. हत्तिणी आजी, मावश्या, बहिणींच्या गोतावळ्यात जगतात. वयात येऊनही वर्षानुवर्षं पिल्लू झालं नाही तर गर्भाशयात गाठी धरतात आणि पुढे गर्भ राहणंच अवघड होतं. आपण तिला नारळ दिला, केळी दिली, सोबत काही दिली नाही.

आता सरकारला जाग आली आहे. पाळीव हत्ती हलवण्याचे 2024चे नियम सांगतात, आधी त्याचा डीएनए मंत्रालयाच्या नोंदीत चढवा. जुनी बाइक नावावर करताना आरटीओत चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासतात, तसंच हे. उत्तम. पण त्यातून हत्ती तोच आहे एवढंच ठरतं. बाप ठरवायला बापाचाही नमुना लागतो, आणि तो बहुधा रात्री जंगलातून येऊन पहाटे निघून गेलेला असतो. छावणीतल्या कित्येक हत्तिणींची पिल्लं अशीच होतात.

परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत हत्तींची वंशनोंदवही असते. कुठला नर कुठल्या मादीकडे पाठवायचा, हे नात्यागोत्याचा हिशेब मांडून ठरतं. 1999 साली अमेरिकेत मिसुरीमध्ये कृत्रिम रेतनातून आशियाई हत्तीचं पहिलं पिल्लू जन्मलं. तेही काही संत नाहीत म्हणा. 1978मध्ये इंग्लंडच्या चेस्टरमध्ये आफ्रिकी नर आणि आशियाई मादी एकत्र ठेवली होती. असला संकर होतच नाही, असं शास्त्र सांगत होतं. पिल्लू झालं आणि जेमतेम दहा दिवस जगलं. वर नागीण रोगाच्या जातकुळीतल्या हत्तींच्या विषाणूने (हर्पिस) तिथली धडधाकट पिल्लं एकदोन दिवसांत जातात. आणि नोंदवहीच्या पहिल्या पानांवर आजोबा-पणजोबांपुढे ‘जंगलातून पकडलेला’ असंच लिहिलेलं सापडतं.

आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने नोव्हेंबर 2009मध्येच सांगून टाकलं, प्राणिसंग्रहालयांतले हत्ती छावण्यांत हलवा. शहाणा निर्णय! आमच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचं चिंचवडच्या संभाजीनगरमधलं बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय आठवा. सापा-मगरींची ती सात एकर जागा नूतनीकरणाच्या नावाखाली वर्षानुवर्षं कुलपात राहिली. तिथे हत्ती असता तर त्याचीही निविदा निघाली असती, मुदतवाढीसह.

राहता राहिला गडचिरोलीतला कमलापूरचा हत्तीतळ, राज्य सरकारचा एकुलता एक. तिथे पिल्लं जन्मली, काही दगावलीही. एवढ्याशा कळपात मोठा नर एकच असेल, तर दोन पिढ्यांत सगळे एकमेकांचे सख्खे होतात. ही भीती पुस्तकी नाही, गावातला कुठलाही गोपालक सांगेल. वळू बदलतो म्हणूनच त्याचा गोठा टिकतो.

तेव्हा वन विभागाने दोन कामं करावीत. राज्यातल्या प्रत्येक पाळीव हत्तीची, आई-बाप शोधता येतील तिथवर, नोंदवही उघडून लोकांसमोर ठेवावी, सुरुवात कमलापूरपासून. आणि एकट्याने ठेवायला नवा हत्ती कुणालाही देऊ नये; मठाला नाही, देवळाला नाही, आमदारालाही नाही.