परवानेवाले नाना

राहात्याकडच्या कुठल्याही गावात जा, कुणी ना कुणी काहीतरी काढत असतो. कुणी डेअरी काढतो, कुणी पतसंस्था, कुणी इंग्रजी माध्यमाची शाळा. आणि शिर्डी जवळ असल्यामुळे उरलेले सगळे लॉज काढतात. नाना डिस्टिलरी काढतायत. घरच्या पेरूच्या बागेवर चालणारी, एका शेडात मावणारी, पेरूची ब्रँडी गाळणारी डिस्टिलरी. कधीपासून काढतायत हे विचारायचं नाही. पहिला अर्ज गेला तेव्हा जिल्ह्याचं नाव अहमदनगर होतं. त्या अर्जातली ताजी त्रुटी कळवणारं पत्र आलं ते अहिल्यानगरहून. "जिल्हा बदलला, आता अर्ज नव्यानं करावा लागंल का?" असं नानांनी लेखी विचारलंय. उत्तर यायचंय.

हा माणूस एकाच गावात राहतो असंही नाही. अकोले तालुक्याच्या डोंगरात तो जांभळाची काढत असतो, संगमनेरात डाळिंबाची. पिशवी मात्र सगळ्यांची सारखी: रेग्झिनची, चेन तुटलेली, आत झेरॉक्स. मी सांगतोय ते आमच्या नानांचं.

नानांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. दारूचा थेंब जिभेला लागलेला नाही, आणि लागू देण्याचा विचारही नाही. तरीपण नानांकडे मद्य पिण्याचा आजन्म परवाना आहे. एक हजार रुपये भरून काढलेला, लॅमिनेशन केलेला, देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलेला. "उद्या तपासणीला साहेब आले आणि म्हणले, मालकाकडंच परवाना नाही, तर?" हा त्यांचा युक्तिवाद. हा परवाना प्रकृती राखण्यासाठी दिला जातो असं कायदा मानतो. नानींनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या प्रकृतीला काय झालंय?"

एका दिवसाचा परवाना देशीला २ रुपये, विदेशीला ५, वर्षाचा १००. बिअर आणि वाइनला वयाची २१ पुरी लागतात, कडक मद्याला २५. हे नाना लग्नाच्या पंगतीतही सांगतात. वरातीत झिंगून नाचणाऱ्या पोरांमध्ये शिरून ते दारू प्याला का असं विचारत नाहीत, जन्मतारीख विचारतात. माणसं त्यांना परवान्याच्या नमुन्यावरून ओळखू येतात. "तो का? तो सीएल-तीनचा जावई." म्हणजे देशी दारूच्या दुकानदाराचा. परमिट रूमवाला एफएल-तीन, बिअर शॉपीवाला एफएल-बीआर-दोन. एफएल-दोन, म्हणजे वाइन शॉपवाला, दिसला की नाना उठून उभे राहतात. राज्यात पन्नासेक वर्षं नवा एफएल-दोन दिलेला नाही, त्यामुळे हा परवाना ज्यांच्याकडे आहे ते त्यांच्या दृष्टीनं जुने वतनदार.

सुरुवात साधी झाली. एका हंगामात पेरूचा भाव असा कोसळला की वाशीला माल पाठवावा तर भाडं निघेना. बागेखाली पेरूचा सडा आणि त्यावर गावातल्या शेळ्या. त्याच सुमाराला गोव्याहून आलेल्या पुतण्यानं तिथल्या जिनची रिकामी बाटली आणली, नानींना मनीप्लँट लावायला. गोव्यात पोरं छोट्या जागेत जिन गाळतात आणि ती परदेशात विकली जाते, हे पुतण्यानं सांगितलं. नाना गोव्याला जाऊन आले. काजूची भट्टी पाहिली, फेणी नुसती हुंगली, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय हे वहीत टिपून घेतलं, आणि येताना एसटीत शेजारच्याला म्हणाले, "आपला पेरू याच्याहून लई सुवासिक."

आल्यावर त्यांनी भांडी-कुंडी काही घेतली नाहीत, कायद्याचं पुस्तक घेतलं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. नानी हादरल्या. "काढायची दारू आणि वाचू काय राह्यले, दारूबंदी?" नानांनी शांतपणे सांगितलं, की सगळे परवाने याच पुस्तकातून निघतात. आधी सगळ्याला बंदी, मग ज्याला सरकार देईल त्याला सूट. या पुस्तकात मोहाच्या फुलांचं कलम आहे, मळीचं आहे, सडक्या गुळाची व्याख्यासुद्धा आहे. पेरू नाही. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढचा अडथळा असा की मुळात भांडं घेताच येत नाही. परवान्याशिवाय दारू गाळायची भट्टी नुसती जवळ बाळगली तरी गुन्हा. म्हणजे ब्रँडी जमते का हे पाहायचं तर परवाना हवा, आणि परवाना मागायचा तर काय बनवणार, किती बनवणार, हे आधी सांगायला हवं. त्यामुळे पेरूची ब्रँडी कशी लागते हे जगात कुणी सांगू शकेल, नाना सांगू शकणार नाहीत.

मग त्यांना १९६६ चे नियम सापडले, मद्यार्क गाळण्याचे आणि पिण्याचं मद्य तयार करण्याचे. हे नियम त्यांचं पारायणाचं पुस्तक झालं. त्यातून जे समजलं त्यानं दुसरा कुणीही माणूस पेरूची बाग तोडून ऊस लावायला गेला असता. कारखान्यात उत्पादन शुल्काचा अधिकारी हवा, त्याच्या ऑफिसची सोय मालकानं करायची, त्या कर्मचाऱ्यांचा खर्चही मालकाकडून वसूल होतो. गोदामाला दोन कुलुपं: एक मालकाचं, एक सरकारचं. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. नानांना हे फार आवडलं. शेड बांधायच्या आधी त्यांनी साहेबाची खोली बांधली. पंखा, टेबल, खुर्ची, पाण्याचा माठ, भिंतीवर गांधीजी. साहेब अजून आलेले नाहीत. खोलीत नानींनी कांदे टाकलेत.

दोन कुलुपांची तालीमही झाली. गोठ्याला दोन कुलुपं लावली, एक किल्ली कंबरेला, दुसरी नानींकडे. नानींना दुय्यम निरीक्षक नेमलं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुय्यम निरीक्षक माहेरी, कोपरगावला गेल्या, किल्ली घेऊन. गाय आत. नानांना शेजारच्यांनी सांगितलं, कुलूप तोडा. नाना तयार होईनात. "सरकारी कुलूप आहे, पंचनामा लागंल." शेवटी पंचनामा झाला, दोन पंचांच्या सह्या झाल्या, मग कुलूप तुटलं. गाईनं त्या दिवशी दूध दिलं नाही. पंचनाम्याची प्रत फाईलला आहे.

हे सगळे नियम कुणासाठी लिहिलेत ते आमच्या जिल्ह्यात उभं राहिलं की दिसतं. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. साखर म्हटली की मळी आली आणि मळी म्हटली की मद्यार्क. जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या अशा उभ्या राहिल्या. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला तर १९३३ साली साखरेसाठी काढलेली कंपनी आज ब्रँडीसाठी ओळखली जाते. आणि याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी. मळीही आमची, अण्णा हजारेही आमचे. कायद्याच्या डोळ्यापुढे दारू गाळणारा म्हणजे टँकरनं मळी आणणारा कारखाना किंवा काटवनात डबा पेटवणारा हातभट्टीवाला; पेरूची पाटी घेऊन दारात उभा राहणारा माळकरी त्यात कुठेच नाही. बिअरला छोट्या भट्टीची सोय आहे, पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी चालते. द्राक्षाच्या वाइनला २००१ चं धोरण आहे. छोट्या डिस्टिलरीचा तसा नमुना नाना अजून शोधतायत. त्यांना प्रदूषणाचा अर्जही साखर कारखान्याच्याच रांगेत भरावा लागला. मळीपासून लिटरभर मद्यार्क काढला की आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो. तो आकडा वाचून नाना म्हणाले, "म्हंजे दारूचा नाही, स्पेंटवॉशचा कारखाना काढू राह्यलो मी."

नानांच्या आयुष्यात आशेचे दिवसही आले. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की काजूची बोंडं, मोहाची फुलं अशांपासून केलेलं मद्य देशीत न धरता विदेशीत धरायचं, म्हणजे त्याला भाव येईल. नानांनी पेढे वाटले. मग जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट झालं आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा वर्ग निघाला: राज्यातल्या उत्पादकांनी बनवलेलं, धान्यापासूनचं, १८० मिलीला किमान १४८ रुपये. "धान्यापासूनचं" या शब्दावर नाना अडले. चावडीवर त्यांनी विचारलं, "ज्वारी महाराष्ट्राची आणि पेरू काय परका?" कॉलेजात शिकणाऱ्या एका पोरानं सांगितलं, "नाना, पेरू खरंच परका. मूळचा अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी आणला." सगळे हसले. नाना क्षणभर गप्प राहिले, मग पिशवीतून कागद काढून लिहायला लागले. "मग तर तो विदेशीतच बसतो. तसा अर्ज करतो."

ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर मात्र त्यांची गाडी रुतली ती त्यांच्याच हातानं. गावातलं देशीचं दुकान बंद करायचं बायकांनी मनावर घेतलं. नियम कुणाला ठाऊक? नानांना. २००८ च्या आदेशाप्रमाणे पंचवीस टक्के महिलांनी निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी व्हायची, मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली की दुकान बंद. नानांनी अर्ज लिहून दिला, याद्या तपासल्या, एकही सही बाद होऊ दिली नाही. अर्जाचा मसुदा एवढा चोख, की दुसऱ्या दोन गावांच्या बायका तो उतरवून घेऊन गेल्या. बाटली आडवी झाली. बायकांनी नानांना ओवाळलं. पुढच्याच ग्रामसभेत नानांचा विषय आला, आणि त्याच बायकांनी हात वर करून तो पाडला. पहिला हात नानींचा होता.

नानांना राग आला नाही. त्यांनी एक तांत्रिक मुद्दा तेवढा मांडला: ग्रामसभा असतात २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला. सगळे ड्राय डे. "ड्राय डेच्या दिवशी दारूचा विषय घेतल्यावर दुसरं काय होणार? तारीख बदला."

नदीच्या काटवनात एकाची हातभट्टी बिनबोभाट चालते. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा. कधी धाड पडते, दारूबंदी कायद्याच्या पासष्टव्या कलमाखाली गुन्हा दाखल होतो, डबा फोडला जातो, आणि चार दिवसांनी धूर पुन्हा दिसतो. त्याला नियम किती असं कुणी विचारलं तर तो सांगेल, एकच: वारा कुठल्या बाजूचा आहे ते बघायचं. लोक नानांना चिडवतात, "तुमचं कागदावर, त्याचं चालू." या एका चेष्टेवर नाना हसत नाहीत. फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या दिवसांत, नगर तालुक्यातल्या पांगरमलला पार्टीतल्या विषारी दारूनं माणसं मेली. त्याची कात्रणं नानांच्या फाईलमध्ये सगळ्यात वर आहेत. "दोन कुलुपं यासाठी असतात," असं ते म्हणतात. मलाही ते पटतं. कुलुपाला माझी हरकत नाही. एका पाटीच्या आणि हजार टँकरच्या दाराला एकच कुलूप घालण्याला आहे.

मध्यंतरी एका कारखान्याच्या संचालकानं त्यांना बोलावलं. म्हणाला, पेरू आमच्याकडे टाका, डिस्टिलरी आमची, परवाना आमचा, लेबलवर नाव तुमचं घालू. कुणीही उडी मारली असती. नाना विचारून आले, की लेबल-नोंदणी कुणाच्या नावानं होणार, शुल्क कोण भरणार, आणि १९६६ च्या नियमात असं करता येतं का. संचालकानं चहा मागवला आणि विषय बदलला. घरी आल्यावर नानी म्हणाल्या, "हातचं घालवलंत." नाना म्हणाले, "परवाना दुसऱ्याचा असल्यावर मजा काय?"

माझा निकाल मी तेव्हाच देऊन टाकला. नानांना ब्रँडी नकोच आहे. हव्या आहेत त्या त्रुटी. त्रुटीचं पत्र आलं की त्यांचे डोळे चमकतात, आवाज चढतो, रात्रभर झोप लागत नाही, आणि सकाळी उठून ते नगरला जाणारी पहिली एसटी पकडतात. बाकीच्यांना जे संध्याकाळी सातनंतर होतं ते त्यांना जावक क्रमांक बघून होतं. उद्या खरोखर परवाना हातात पडला तर या माणसाचं काय होईल याची नानींना काळजी वाटते, मलाही.

तोवर, तुमच्यापैकी कुणाला बिअर शॉपीचा अर्ज भरायचा असेल, परमिट रूमचं नूतनीकरण अडलं असेल, किंवा गावातलं दुकान बंद करायचं असेल, तर नानांकडे जा. एकादशी सोडून कधीही. दोन्ही बाजूंचं काम ते सारख्याच निष्ठेनं करतात. फी घेत नाहीत. परतताना पाटीभर पेरू मात्र विकत घ्या. यंदाही भाव पडलेलाच आहे.