नाव ठेवायचं नाही

आमच्या घरात खाण्यापिण्याचे दोन कायदे आहेत आणि दोन्ही पप्पांनी केलेले. पहिला : खायच्या प्राण्याला नाव ठेवायचं नाही. दुसरा : खाल्ल्यावर स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत. दुसरा कायदा मम्मीच्या धाकामुळे आजवर कुणी मोडलेला नाही. पहिला मात्र २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्या सात वर्षांच्या धाकटीने मोडला.

झालं असं, की पप्पांनी बाजारातून पिशवीत घालून एक पांढरं बदक आणलं. महिनाभर खाऊन-पिऊन अंग धरेल आणि पंचवीस डिसेंबरला मोयलीच्या रश्शात जाईल, असा नेहमीचा हिशेब. धाकटीने विचारलं, "आजोबा, हे कुणाचं?" पप्पा म्हणाले, "नाताळचं." ती अंगणात गेली आणि तिने हाक मारली, "नाताळ, ये ये ये!" बदक मान हलवत तिच्यामागे गेलं. बारसं झालं.

आम्ही वसईकर. इथे १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते. चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं, पण त्यांचे काही शब्द मागे राहिले. 'नाताळ' त्यातलाच. मूळ अर्थ 'जन्म'. म्हणजे आमच्या अंगणात 'जन्म' नावाचा जीव फिरत होता आणि त्याच्या मरणाची तारीख कॅलेंडरवर लाल अक्षरात छापलेली होती.

घरातल्या बाकीच्या सभासदांचीही ओळख करून देतो. ब्रुनो हा पिवळा गावठी कुत्रा. वसईत दर तिसऱ्या घरात एक ब्रुनो असतो, त्यामुळे संध्याकाळी हाक मारली की चार येतात आणि आमचा तेवढा येत नाही. दुसरी मांजर. काळ्या अंगावर पांढरा गळपट्टा, चेहऱ्यावर कायम आपण काहीतरी चुकलोय असा भाव. तिचं नाव सिस्टर. आता हे नाव ठेवताना एक दिवस इस्पितळातल्या सिस्टरांशी गाठ पडणार आहे, हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

नाताळआधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या उभ्या करायच्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी, आणि दर रविवारी एक लावायची. आशा, शांती, आनंद, प्रेम. त्या वर्षी आमच्याकडे दर रविवारी एक मेणबत्ती उभी राहिली आणि घरातलं कुणीतरी एक आडवं झालं.

पहिला रविवार, १ डिसेंबर. आशेची मेणबत्ती. पप्पांना चक्कर आली.

साखर तपासली तर उपाशीपोटी २६८. पप्पा म्हणाले, "मशीन बिघडलंय." मग डॉक्टरांनी एचबीएवनसी करायला सांगितली. ही तपासणी म्हणजे चाळीतली चुगलखोर शेजारीण. आज तुम्ही कितीही शहाण्यासारखे वागा, गेल्या तीन महिन्यांत काय काय खाल्लंत ते ती सगळं सांगते. तिने सांगितलं. पण पुरावा मिळेना.

पुरावा मिळाला गोठा मांडताना. माळ्यावरचं खोकं खाली काढलं, कापसातून योसेफ निघाला, मारिया निघाली, तीन राजे निघाले, आणि मेंढपाळांच्या खाली निघाली केळीची सुकी पानं. निर्मळची जत्रा नुकतीच भरलेली. जत्रा देवळाची, पण सुकेळी सगळ्यांची. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवून पानांत बांधलेली ती सुकेळी, त्यांच्या तीन जुड्यांची फक्त वेष्टनं उरली होती.

"मेंढपाळांनी खाल्ली असतील," पप्पा म्हणाले. "लांबून आलेत."

मम्मी काही बोलली नाही. मग पप्पांनी दुसरी बाजू लढवली : "केळं हे फळ आहे. डॉक्टर स्वतःच म्हणाले, फळं खा."

दुसरा रविवार. शांतीची मेणबत्ती. केकसाठी मनुका, बेदाणे आणि टूटीफ्रूटी ऑक्टोबरपासून रममध्ये मुरत घातलेली. बायकोने बरणी उघडून टेबलावर ठेवली आणि ती पीठ चाळायला वळली. वळून परत बघते तो ब्रुनोचे पुढचे दोन पाय टेबलावर आणि तोंड बरणीत.

आधी आम्ही हसलो. मग शेजारच्या मुलाने सांगितलं, की द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांना विषासारख्या, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. हसू थांबलं. रिक्षा केली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "किती खाल्ल्या?" मी म्हणालो, "पाव वाटी." बायको म्हणाली, "अर्धी." धाकटी म्हणाली, "आणि दारू पण." डॉक्टर म्हणाले, किती मनुका चालतात असा भरवशाचा आकडा नाही, एखाद्याला थोड्याही बाधतात, त्यामुळे वाट बघायची नाही. त्यांनी इंजेक्शन देऊन सगळं ओकवलं, सलाईन लावलं आणि दोन दिवस रक्त तपासलं. शांतीच्या त्या रविवारी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी प्रार्थना केली आणि बायकोने केकचा हिशेब केला. दोन्हींना यश आलं. ब्रुनो वाचला आणि केकमध्ये टूटीफ्रूटीच जास्त पडली.

गंमत पुढे झाली. त्याच आठवड्यात पप्पांचाही किडनीचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन ब्रुनोचं १.१, पप्पांचं १.४. माणसाचे आणि कुत्र्याचे आकडे असे शेजारी ठेवून वाचायचे नसतात, हे मी समजावलं. पण पप्पांच्या मनाला लागलं ते लागलंच. "दारू त्याने प्यायली," ते दिवसभर म्हणत राहिले, "आणि किडनी माझी खराब."

त्यात औषधं देण्याची तऱ्हा. ब्रुनोची गोळी उकडलेल्या कलेजीत लपवून, पाठीवरून हात फिरवत, "शाणा माझा, राजा माझा" म्हणत दिली जाई. पप्पांच्या गोळ्या सात खणांच्या डबीत आणि वर कोमट पाणी. तिसऱ्या दिवशी ब्रुनोने कलेजी गिळली आणि गोळी तेवढी अलगद जमिनीवर ठेवली. पप्पा त्याच्याकडे फार आदराने बघत होते. चौथ्या दिवशी पप्पांच्या उशीखाली दोन गोळ्या सापडल्या.

तिसरा रविवार, आनंदाचा. याच दिवशी गुलाबी मेणबत्ती लागते. मम्मी कुणाचंही न ऐकता बांबूच्या कामट्यांचा तारा ओटीवर टांगायला स्टुलावर चढली. तारा टांगला गेला. उतरताना मांजर पायात आलं आणि मम्मी हातावर पडली. मनगट मोडलं.

इस्पितळात कागद भरणाऱ्या बाईंनी विचारलं, "कशा पडलात?"

मम्मी कळवळत म्हणाली, "सिस्टर आडवी आली."

"कुठली सिस्टर?"

"आमच्या घरातली. दिवसभर झोपते, रात्र रात्र बाहेर असते. मी तिला कालच बजावलं होतं, माझ्या पायात येऊ नकोस, नाहीतर एक दिवस शेपटावर पाय देईन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी घाईघाईने खुलासा केला, पण तोवर आतल्या दोन खऱ्या सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मम्मीच्या हाताला सहा आठवड्यांचं फायबरचं प्लास्टर लागलं. रंग कुठला, असं डॉक्टरांनी विचारताच धाकटीने सांगून टाकलं. आनंदाची मेणबत्ती गुलाबी आणि मम्मीचा हातही गुलाबी. घरी आल्यावर सिस्टर त्या प्लास्टरला अंग घासत बसली. माफी मागत होती की काय, कळायला मार्ग नाही.

चौथा रविवार, प्रेमाचा. मी प्रेमाने ब्रुनोला उचललं. फेरतपासणीची वेळ दिलेली होती आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढायला तो तयार नव्हता. चोवीस किलोचा जीव उचलला आणि कंबरेत अशी उसण भरली की मी तिथेच गुडघ्या-हातांवर आलो. ब्रुनो उडी मारून स्वतःच आत गेला. डॉक्टर बाहेर आले. "मी फक्त चार पायांचे पेशंट बघतो," ते म्हणाले. मी त्या वेळी चार पायांवरच होतो, पण वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

दोन दिवस पडून राहा, मग हळूहळू हालचाल करा, असा सल्ला मिळाला. हॉलमध्ये गोठ्याशेजारी जमिनीवर माझी गादी पडली. पन्नास वर्षं या घरात राहतोय, पण घर एक फूट उंचीवरून पाहिलं नव्हतं. खालून दिसतं ते वेगळंच. कपाटाखाली पप्पांचा आणखी एक सुकेळ्यांचा साठा दिसला. माणसं येता-जाता वरून विचारत, "कसं वाटतंय?" आणि उत्तराआधी निघून जात. ब्रुनो मात्र येऊन पाठीला पाठ लावून बसे. सिस्टर पोटावर चढे. आणि दुपारी, दार उघडं दिसलं की, नाताळ आत येई.

नाताळ यायचा तो गोठ्यासाठी. गोठ्यात हिरवळ हवी म्हणून आम्ही ताटात गहू पेरतो; वीतभर कोवळं गवत उगवतं. नाताळने दोन दुपारींत ते सगळं फस्त केलं. बेथलेहेमात दुष्काळ पडला. मी पडल्या पडल्या बघत होतो; हाकलायचं तर उठावं लागलं असतं. शिवाय त्याची चूक तरी काय? लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण बैल-गाढवाचा शब्द नाही. १२२३ मध्ये संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला, तेव्हा खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव आणून उभं केलं. त्यांनीही गवत खाल्लंच असणार.

तेवीस तारखेला फादर आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरी आले. दारातच त्यांनी धाकटीला विचारलं, "आजारी किती जण आहेत गं?"

धाकटीने बोटांवर मोजायला घेतलं. "माणसं, की सगळे?"

फादर निघाले आणि शेजारचे अंकल आले. आमच्याकडे बदक कापायचं काम पप्पांचं, पण त्यांचा हात आता थरथरतो. मम्मीचा हात गुलाबी. मी आडवा. बायकोने आधीच सांगून टाकलेलं, की आमच्या माहेरी बायका कापत नाहीत, खातात. म्हणून अंकलना बोलावलेलं. ते नाताळकडे अनुभवी नजरेने बघत होते. धाकटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अंकल, तुम्ही नाताळला कापणार?"

"छे छे, बाळ," अंकल समजूत घालत म्हणाले, "नाताळला नाही. आदल्या दिवशी."

धाकटीचा चेहरा उजळला. नाताळला नाही! ती रात्री शांत झोपली. घरातली मोठी माणसं झोपली नाहीत. मी गादीवरून ऐकत होतो : पप्पांच्या खोलीतला दिवा दोनदा लागला आणि अंगणाचं दार एकदा वाजलं.

चोवीसच्या सकाळी अंकल कोयता घेऊन आले. पप्पा ओटीवर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर शाल आणि शालीत नाताळ.

"काका, द्या इकडे."

"नाही देता येत," पप्पा म्हणाले. "नाव ठेवलंय त्याला."

"अहो, पण मोयली?"

"डॉक्टरने मला चरबी बंद केलीय." पप्पांनी डॉक्टरांचं ऐकल्याची आमच्या घरातली ही पहिली नोंद. "कायदा म्हणजे कायदा. मीच केलेला, मीच कसा मोडू?"

मग बायकोने मोयलीच्या रश्शात उकडलेली अंडी सोडली. सोबत तळलेले फुगे. मम्मी डाव्या हाताने बाटली मसाल्याचं माप सांगत होती, बायको उजव्या हाताने घालत होती, आणि दोघींच्या मापांत नारळाचं दूध कमी पडलं. दुसऱ्या कायद्यानुसार कुणी नावं ठेवली नाहीत. रात्री सगळे मिस्सेला गेले. मी, ब्रुनो, सिस्टर आणि नाताळ असे चौघं घरी राहिलो. चर्चच्या घंटा वाजल्या तेव्हा ब्रुनो घाबरून माझ्या पांघरुणात शिरला. मला कंबर हलवता येत नव्हती आणि त्याला तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.

एकतीसला गावातली पोरं बुढ्ढा जाळायला जुने कपडे मागत आली. सरत्या वर्षाचा पेंढ्याचा म्हातारा करून मध्यरात्री पेटवतात. पप्पांनी जुनी पँट दिली आणि म्हणाले, "पँट परत आणू नका. पण पुढच्या वर्षी आलात तर द्यायला मीच असेन, एवढं बघा."

जानेवारीत तीन राजांचा सण होऊन गेला, तारा उतरला, गोठा पुन्हा खोक्यात गेला. खोकं माळ्यावर चढवण्याआधी मम्मीने मेंढपाळांच्या खाली हात घालून पाहिलं. काही नव्हतं. पण अंगणातल्या टोपलीत होतं. एक अंडं.

पप्पा छातीठोकपणे सांगत आले होते, की नाताळ नर आहे. खरं तर ओळखायला सोपं : बदकांत घसा फोडून ओरडते ती मादी, नराचा आवाज घोगरा आणि दबका. नाताळ पहिल्या दिवसापासून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडत होता. म्हणजे होती. आमच्या घरात इतकी माणसं ओरडतात, की कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते अंडं उकडलं. डॉक्टरांच्या हुकुमाप्रमाणे पांढरं पप्पांना, पिवळं ब्रुनोला. ब्रुनोच्या पिवळ्यात गोळी नव्हती, तरी त्याने आधी तपासून घेतलं.

पुढे एकदा गल्लीत कुणीतरी पप्पांना विचारलं, "काय काका, यंदाचा नाताळ कसा गेला?"

"गेला कुठे?" पप्पा म्हणाले. "अंड्यावर बसलाय."